खिडकीखालचा कोपरा

"हल्ली चोऱ्या फार वाढल्यात ना मावशी, म्हटलं घरात एक कॅमेरा असलेला बरा," असं तिने बाळ सांभाळणाऱ्या मावशींना सकाळीच सांगून टाकलं होतं.

कॅमेरेवाला शिडी घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, चोरासाठी हवाय तर दारावर लावू या की!"

"नको, आतच लावा. या खोलीत." मावशींकडे बघायचं तिने टाळलं.

"बरं. मग यात नेमकं काय दिसायला हवं?"

तिने पाळण्याकडे बोट दाखवलं, मग सतरंजीकडे, आणि तिथेच अडखळली. ती दिवसभर ऑफिसात. दुपारी बाळ घरात कुठे असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

मावशी बाळाला कडेवर घेऊन उठल्या आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन मांडी घालून बसल्या.

"दादा, जरा इकडे वळवा. अजून थोडा. हां! याला भरवते, निजवते ती इथेच. चोर काही इथवर यायचा नाही, पण ताईंना मी नीट दिसायला हवी."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. बाळाचं लाळेरं सारखं करून त्यांनी त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं, फोटो काढताना वळवावं तसं.

"मॅडम, चित्र स्पष्ट येतंय ना?"

"हो," ती पुटपुटली. चार हात अंतरावर बसलेल्या मावशींना ती मोबाइलमध्येच बघत राहिली. मान वर करायचा धीर तिला होईना.