सहा वाजताचं टेबल

हॉटेलचं चौथं उत्तर आलं तेव्हा निवेदिता साबुदाण्याची खिचडी झाकून नुकतीच लॅपटॉपपाशी बसली होती. जानेवारी २०१८मध्ये मुलांच्या सुट्टीत जपानला बर्फात जायचं ठरलं होतं. लहान मुलांना स्कीइंग शिकवणारी शाळा, भाड्याने बूट, नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलातच, म्हणजे सगळं अगदी मुलाबाळांच्या सोयीचं. पण जेवण हॉटेलातच म्हटल्यावर निवेदिताच्या मनात पाल चुकचुकली होती. तिकडे साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही मासा असतो, असं तिने वाचलं होतं.

तशी ती पेशानेच संशयी. ‘ते रापा’ नावाच्या उपनगरातल्या एका फार्मसीत दिवसभर औषधांची लेबलं वाचायची आणि घरी आल्यावर बिस्किटांची. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये दहा वर्षं काढूनही तिच्या घरात अंडंसुद्धा शिरलं नव्हतं, आणि याचा तिला अभिमान होता. हॉटेलला तिने लागोपाठ ईमेल धाडल्या होत्या. सूप कशाचं, लोणच्यात काय, तळणीचं तेल तेच की वेगळं. मॅनेजरबाई दर वेळी इतकं गोड उत्तर द्यायच्या, की निवेदिताला वाटायचं, ही बया नक्की काहीतरी लपवतेय.

आजच्या उत्तरात मात्र काहीच लपवलेलं नव्हतं. निवेदिताबाईंसाठी मशरूमचं वेगळं सूप करू, बाईंनी निर्धास्त असावं. बाकी तिघांना, फॉर्ममध्ये लिहिल्याप्रमाणे, मासे आणि चिकन सगळं चालेल. त्या तिघांचं टेबल सहा वाजता, बाईंचं साडेसातला. एवढं बरोबर आहे ना, कळवावं.

निवेदिता जवळजवळ खूश झाली. दुसऱ्याच कुणाचा तरी फॉर्म यांनी आपल्या नावावर लावला, अखेर सापडल्या बाई. मग तिने सोबत जोडलेला फॉर्म उघडला.

फॉर्म श्रीनाथने, तिच्या नवऱ्याने भरला होता. आवडीच्या पदार्थांच्या रकान्यात यशोधनच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘कोळंबी, हीप्स’. भरपूर म्हणायला हा ‘हीप्स’ शब्द श्रीनाथचा नव्हता. आठ वर्षांचा यशोधन बापाला खेटून बसून सांगत होता, हे उघड होतं. त्याच्या खाली होतं, ‘गरम पाण्याचं कुंड, रोज सहा ते सात, निवेदिता’. हे तिला ठाऊक होतं. दिवसभर काउंटरला उभी असतेस, कंबर शेकून निघेल, असं म्हणून श्रीनाथने महिन्यापूर्वी ही खास भेट जाहीर केली होती. तेव्हाही तिला शंका आलीच होती, कारण लग्नाला चौदा वर्षं झाली तरी तिच्या कमरेची त्याने कधी चौकशी केली नव्हती. पण मग तिला भरून आलं होतं. आता त्या भरून येण्याची लाज वाटली.

बाहेर गाडी थांबली. दर शनिवारी ती दुपारपर्यंत कामावर असायची आणि हे तिघं पोहायला जायचे. आल्यावर मुलांना भूक नसायची. क्लोरीनने भूक मरते, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती आणि दोनदा दोघांना जंतांचं औषधही पाजलं होतं. श्रीनाथ तर चार वर्षांपासून शनिवार धरायचा. मारुतीवर याची एवढी श्रद्धा कधी बसली, याचं तिला कौतुकच होतं. झाकलेली खिचडी त्याच्यासाठीच होती.

पोहण्याचे ओले टॉग्ज दारातच टाकून यशोधन म्हणाला की तो हंग्री नाहीये. निवेदिताने लॅपटॉप श्रीनाथकडे वळवला. तो वाचत गेला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. फॉर्म बदलता येतो, एवढंच त्याला सुचलं.

“किती शनिवार?” तिने विचारलं.

बारा वर्षांची सिद्धी केस पुसता पुसता म्हणाली, “ऑल ऑफ देम, मम.”

“तुला त्रास होईल म्हणून गं,” श्रीनाथ म्हणाला.

तो खरं बोलत होता, आणि तेच तिला जास्त लागलं. तिला माशांचं दुःख नव्हतं, म्हणजे होतं, पण त्याहून मोठं दुसरं होतं. चार वर्षं तिच्या घरात तिघांचं एक वेगळंच घर होतं आणि त्यात तिला जागा नव्हती. बिस्किटांची लेबलं वाचण्यात तिला ते दिसलंच नाही.

तिने यशोधनला जवळ ओढलं. त्याच्या केसांना क्लोरीनचा वास होता. नीट हुंगल्यावर त्याखाली तळणीचाही लागला.

“कशी लागते रे कोळंबी?”

यशोधनने आधी बापाकडे पाहिलं.

“त्याच्याकडे नको बघूस. मला सांग.”

“डनो, मम,” तो म्हणाला. “वी ऑलवेज ईट इट फास्ट. इन द कार.”

निवेदिताने लॅपटॉप परत स्वतःकडे ओढला आणि मॅनेजरबाईंना उत्तर लिहायला घेतलं. श्रीनाथ खिचडीच्या पातेल्यापाशी उभा राहून बघत होता. सूपबद्दल तिने या वेळी काहीच विचारलं नाही. सहा वाजताचं टेबल तिघांचंच ठेवावं, निवेदिता, सिद्धी आणि यशोधन. सहा ते सात गरम पाण्याच्या कुंडात श्रीनाथ. मुलं मागतील ते त्यांना द्यावं. मग जरा थांबून तिने आणखी एक ओळ लिहिली. वाढताना घाई करू नये, मुलांना सावकाश जेवायची सवय नाही.