रूपीची साक्ष

समुद्र जागेवर नव्हता.

सुनिल पास्टर पांढराशुभ्र सदरा घालून, कमरेवर हात ठेवून डहाणूच्या किनाऱ्यावर उभे होते आणि त्यांच्या मागे टेम्पोतून उतरलेली सगळी मंडळी. समोर नुसता चिखल. पार लांब, आभाळाच्या कडेला, एक चकाकती रेघ दिसत होती. तलासरीकडच्या डोंगरातली ही माणसं. पाड्यावरचा ओहळ आटला, म्हणून यंदा बाप्तिस्मा समुद्रात द्यायचा ठरला. मग टेम्पो ठरला, जेवण ठरलं, गाणी ठरली. ओहोटी नावाची गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नाही.

"कठं गेला?" म्हाताऱ्या बायजीने विचारलं. समुद्राने निदान सांगून तरी जायचं, असा तिचा सूर होता.

जाळं वाळत घालणारी एक कोळीण हसून हसून बेजार झाली. "दुपारी येल परत," ती म्हणाली. पण पास्टर वाट बघणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पायजमा वर खोचला आणि ते समुद्राच्या मागे चालू लागले. मंडळीही निघाली. ढोलकी वाजत होती, हालेलुया चाललं होतं, आणि मधेच कुणीतरी चिखलात बसकण मारत होतं.

रूपी सगळ्यांच्या मागे होती. बाप्तिस्मा तिचाच होता आणि तीच पाय ओढत चालली होती. पाण्याची भीती नव्हती, साक्षीची होती. देव कुठे भेटला ते चारचौघांत सांगायचं आणि मगच पाण्यात उतरायचं, हा पास्टरांचा नियम. साक्ष नाही तर बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही तोवर प्रभुभोजनातली भाकर नाही. वर्षभर ती ताटली रूपीच्या नाकासमोरून पुढे जात होती. तिला ती भाकर हवी होती. लहान पोराला खाऊ हवा असतो तशी हवी होती.

पण देव तिला भेटलाच नव्हता, त्याला ती तरी काय करणार? बायजीचा गुडघा प्रार्थनेने बरा झाला होता. रूपीच्या नवऱ्याला, पांड्याला, ताडीच्या नशेत विहिरीत पडल्यावर उजेड दिसला होता, आणि तो उजेड दर साक्षीला थोडा थोडा वाढत चालला होता. रूपीच्या वाट्याला मात्र एकही चमत्कार नाही. घोलवडच्या वाडीत चिकू तोडायचे, घरी येऊन चूल पेटवायची, पोराला, चैत्याला झोपवायचं. यात सांगण्यासारखं काय?

शेवटी पांड्यानेच तिला एक साक्ष बनवून दिली. लाकडांच्या ढिगात साप निघाला, रूपीने येशूचं नाव घेतलं, साप आल्या वाटेने निघून गेला. आठवडाभर ती घोकत होती. खोटं बोलून पाण्यात उतरायचं म्हणून तिला झोप लागत नव्हती, ती गोष्ट वेगळी. चालता चालता तिने पुन्हा म्हणून पाहिलं.

"मण्यार निघाली..."

"काल घोणस होती," पांड्या कुजबुजला.

"मंग आता काय आखू, काय सांगू?"

"नाग आख. नाग बरा."

तेवढ्यात पुढे पास्टर घसरले. थोडेथोडके नाही, चांगले हातभर सरपटत गेले आणि सदऱ्यासकट चिखलात पालथे झाले. ढोलकी थांबली. पास्टर उठून बसले, त्यांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला, आणि बारीक आवाजात म्हणाले, "हालेलुया."

मग काय विचारता! बायजी रूपीच्या अंगावर कोसळली, रूपी पांड्याच्या अंगावर, आणि तिघंही खाली. हसून हसून रूपीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जरा थांबावं तर पास्टरांचा चेहरा दिसायचा आणि पुन्हा उकळी फुटायची. पास्टरही आता पोट धरून हसत होते. पुढे जायचं त्राण कुणातच उरलं नाही. तिथेच, वाळूच्या एका उंचवट्यावर मंडळी बसली. तांदळाच्या भाकरी निघाल्या, बोंबलाची चटणी निघाली.

रूपीला फार बरं वाटत होतं. आणि हे बरं वाटणं ओळखीचं होतं, तिच्या लक्षात आलं. चूल एका फुंकरीत पेटते तेव्हा असंच वाटतं. चिकूच्या झाडाखाली बायका एकमेकींना चिडवतात तेव्हा असंच. झोपलेला चैत्या तिचं बोट सोडत नाही तेव्हाही असंच, कुणीतरी अगदी जवळ येऊन बसल्यासारखं. कोण येतं, हे तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"पाणी! अरे, पाणी आलं!" बायजी ओरडली.

सगळे समोर बघत बसले होते आणि भरती मागच्या खळग्यांतून भरत आली होती. भाकरीची फडकी डोक्यावर गेली, साड्या वर गेल्या. पास्टर आनंदाने पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

"रूपी, सांग. देव तुला कुठे भेटला?"

"नाग! नाग!" मागून पांड्या कुजबुजला.

रूपीने तोंड उघडलं आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

"साप निघालाच नाय, पास्टर."

"कुठला साप?" पास्टर गोंधळले. पांड्याने कपाळावर हात मारला.

रूपी हसतच होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"मी देवाची तिकडं लांब वाट बघत होती. चूल पेटवताना, चिकू तोडताना, पोराला निजवताना... देव कवा आला ते माला कळलाच नाय. खाली बघलं, तं गुडघ्यापर्यंत आलेला."