वाहून गेलेली डिग्री

मांजर्लीत मोठ्या पावसात उल्हास नदी तळमजल्यावर पाहुणी येते, म्हणून हिरामणकाकांनी लेकीची, तेजलची, नर्सिंगची डिग्री आली त्याच दिवशी लॅमिनेट करून घेतली. गेल्या वर्षीच्या पुरात फ्रिज गेला, गाद्या गेल्या. डिग्रीला थेंब शिवला नाही.

आता तेजलला जर्मनीत नोकरी लागली. उल्हासनगरचा एजंट डिग्री बघून हसला.

"काका, परदेशासाठी डिग्रीच्या मागे सरकारी शिक्का लागतो. प्लॅस्टिकवर मारत नाहीत. दुसरी काढा."

"ही चांगली असताना दुसरी कोण देईल?"

"सिंपल आहे. पहिली पुरात वाहून गेली, अशी पोलिसात तक्रार द्या."



काकांनी तशी तक्रार दिली, पोलिसांनी लगेच नोंदवूनही घेतली. फ्रिज-गाद्यांचा पंचनामा अजून व्हायचाय. पुरातून वाचलेली एकमेव वस्तू मात्र सरकारदरबारी रीतसर वाहून गेली.