फोनचा नकार

सातगोंडाला नव्या फोनने पाच मिनिटांत पसंत केलं. "हा माणूस चालेल," असं फोन भर दुकानात मोठ्यानं बोलला, आणि शेजारी बसलेल्या अण्णाप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. या मेहुण्याला साधं अ‍ॅप बंद करता येत नाही! आणि अण्णाप्पा म्हणजे बारा वर्षं नेटवर फोनच्या प्रत्येक सिस्टीमची सालटी काढणारा माणूस. अख्खं जयसिंगपूर त्याला विचारून फोन घ्यायचं.

इस्त्रीचा शर्ट सारखा करत तो काउंटरपुढे सरकला.

"तुमचे सगळे अभिप्राय वाचले," फोन म्हणाला. "अकरा फोन वापरलेत, अकराही भिकार ठरवलेत. माफ करा, मला तुमच्या घरी यायचं नाही."

"खरं लिहिलं म्हणून नकार देतोस होय रे, डबड्या?"

सातगोंडा खो खो हसला. "दाजी, आमच्या अक्काच्या लग्नाच्या वेळेला असं काय न्हवतं, म्हणून वाचलासा!"

दोघं घरी आले. अण्णाप्पाने चहाला हातही न लावता मालक निवडणाऱ्या या नव्या सिस्टीमला एकच स्टार दिला आणि शिव्यांची लाखोली वाहायला घेतली. आत त्याची बायको कमल भावाचा नवा फोन ओट्यावर ठेवून त्याच्याशीच बोलत होती. मध्येच ती खळखळून हसली. ते हसणं अण्णाप्पाने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तो ताडकन आत गेला.

"एवढं काय सांगतोय तो तुला?"

"काय न्हाई ओ," कमल डोळे पुसत म्हणाली. "मीच सांगतीया. त्यो नुसतं ऐकून घेतोय."