यादीची पहिली ओळ

वेल्समधल्या एका जमीनदार घराण्याची चारशे वर्षांपूर्वीची कागदपत्रं नुपूर आखातातल्या अल दुहैल वस्तीतल्या आपल्या घरी बसून टाइप करत होती. आज यादी होती. मालक वारला की वाटणीआधी शेजारी येऊन घरातली वस्तू न् वस्तू लिहून काढत.

‘तांब्याचं पातेलं, तळाला पोचा.’

तिच्याकडेही तसलंच होतं. असतं एखाद्याकडे.

‘खिडकीशी मेज, डावा पाय आखूड, खाली कागदाची घडी.’

तिनं स्वतःच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. घडी तिथेच होती, तिनंच घातलेली.

“गंधार, माझ्या फाइलला हात लावलास?”

“मी कशाला लावू?” आतून नवरा म्हणाला.

त्याच्या चेष्टा तिला ठाऊक होत्या. तो खोटं बोलत असावा, अशी तिची फार इच्छा होती.

यादीचं पहिलं पान स्कॅनमध्ये चुकून शेवटी लागलं होतं. पहिल्या ओळीत नेहमी मृताच्या अंगावरचे कपडे असतात. तिनं पान उघडलं.

‘निळा सदरा, वरून दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं.’

“यल्ला, चला, उन्हाआधी अल रुवैसला पोचायचंय,” गाडीची किल्ली घेऊन गंधार बाहेर आला. “बटण तुटलं होतं गं. निळा दोरा सापडेना, पांढऱ्यानंच लावलं. दिसत नाही ना?”