जमनी गेल्याचा निरोप

नेमसिंग उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "वहिनी गेली, बाई. आमची जमनी वहिनी."

विमलच्या कडेवर बाळ होतं. तिने आधी त्याचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं, जणू त्याला ऐकू जाऊ नये. मग कशाने, असं विचारलं. नेमसिंगने पागोटं या हातातून त्या हातात घेतलं. तापाने, म्हणाला.

आतून वच्छलाबाई आल्या. सुनेचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. "रडू नको, विमल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अंगावर पिते पोरगं. मागच्या खेपेले काय झालं, याद आहे ना?"

विमल विसरली नव्हती. उन्हाळ्यात वडील गेले तेव्हा ती दिवसचे दिवस रडली आणि दूध आटलं. शेळीच्या दुधाने बाळाला हगवण लागली, डोळे खोल गेले. पान्हा परत फुटला तेव्हा कुठे ते सावरलं. रडण्याने दूध आटतं हे तिला पटत नव्हतं. नागपूरला कॉलेजात शिकलेली होती ती. पण पटत नाही म्हणून पुन्हा करून बघायची हिंमतही नव्हती.

तिने ओठ दातांखाली धरला आणि वर आढ्याकडे बघत राहिली. पाणी येऊ दिलं नाही.

नेमसिंग जायला तयार नव्हता. मौतीचा निरोप आणणारा माणूस पाणीही न घेता फिरतो. हा मात्र ओसरीवर बसून भाकर खाऊन गेला. महागावकडून उमरखेडपर्यंतचा पल्ला, भूक लागली असेल, असं विमलने मनाशी म्हटलं. पण खातानाही तो मान वर करून तिच्याच तोंडाकडे बघत होता.

"मन मोकळं करून घ्या, बाई," जाताना तो म्हणाला. फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि पुन्हा तेच म्हणाला.

लोकाच्या घरी येऊन सुनेला रडायला लावायची ही कोणती रीत, असं वच्छलाबाई संध्याकाळपर्यंत बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने विमल निघाली. नवऱ्याने नको म्हटलं होतं. तिथे बाया गळ्यात पडतील, तू स्वतःला आवरशील का, असं त्याचं म्हणणं. जमनीच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवते आणि संध्याकाळी परत येते, एवढं सांगून तिने बाळाचं टोपडं बांधलं.

खिडकीबाहेर कापसाची पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती. विमल बाळाकडे बघत होती. ओठ सुकले का, पोट लागलं का, नीट ओढतं का. त्याला छातीशी धरलं की जरा वेळ बरं वाटे. मग जमनी आठवे.

गावच्या शाळेत मुली दोघीच. जमनी नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातून यायची. गुरुजींनी नुसतं नाव पुकारलं तरी विमलला रडू फुटायचं, आणि जमनी तिच्या तोंडावर हात ठेवून म्हणायची, "तू रडली का मले हसू येते." जमनीच्या लग्नातही तेच. सासरी निघताना नवरीने सूर काढून रडायचं, अशी तांड्याची रीत. जमनीला काही केल्या रडू येईना. विमल मात्र अशी रडली की, नवरी कोणती ते तरी कळू द्या, म्हणून बायांनी तिची थट्टा केली. पुढे पटकीत जमनीचे मायबाप गेले. भाऊ नव्हताच. माहेर म्हणून उरली ती विमल.

आणि त्या विमलच्या डोळ्यांत कालपासून टिपूस नव्हता. रडू येतंय असं वाटलं की ती बाळाची टाच मुठीत दाबून धरायची. सवय अशी लागते का, याची तिला भीती वाटू लागली. उद्या बाळ मोठं झाल्यावर रडायला बसले आणि काही आलंच नाही तर?

फाट्यावर उतरून ती जमनीच्या सासरच्या तांड्याची वाट चालू लागली. ऊन चढलं होतं. तांड्यात सामसूम असेल, अशी तिची समजूत. पण लिंबाखाली म्हातारे चिलीम ओढत हसत होते. कुठेतरी तेलात काही तळलं जात होतं. एवढ्यात विसरले, तिला वाटलं. तिने पाऊल उचललं.

जमनीचा नवरा देवसिंग, त्याच्या झोपडीपुढे एक बाई पाठमोरी बसून पीठ मळत होती. तिने मागे वळून पाहिलं.

ती जमनी होती.

विमलने भिंतीला हात टेकला. जमनीने धावत येऊन आधी बाळाला घेतलं, मग तिला खाली बसवलं. आजच नेमसिंगला खरं सांगायला धाडणार होते, असं ती घाईघाईने सांगू लागली. कापूस वेचताना कावळा डोक्यावर येऊन बसला होता. कावळा बसला की मौत येते. त्यावर सासूने तोड सांगितली. बाई मेली म्हणून माहेरी निरोप धाडायचा. माहेरच्याने खरं समजून रडायचं. रडणं झालं की मौत समजते, आपलं काम झालं, आणि मागे फिरते.

"माहेरात रडणारं दुसरं कोण आहे मले?" जमनी म्हणाली. "आन तू तं बारीकसारीक गोष्टीले रडते. नेमसिंग सांगत आला, बाई रडलीच नाही. मी म्हटलं, त्याच्यासमोर कायले रडन? घरात जाऊन रडली असन."

विमलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कालपासूनचं सगळं एकदम आलं. बाळ जमनीच्या मांडीवरून टकामका बघत होतं, तरी ते थांबेना.

जमनी हसली नाही. ओढणीच्या टोकाने तिने विमलचे गाल पुसले, पुन्हा पुसले.

"हे चालत नाही, विमल. मले जिती पाहून रडलेलं चालत नाही," ती म्हणाली. "काल रडली होती ना तू?"