बादलीतलं पाणी

सासूबाईंनी टाकाऊ पाण्याच्या बादलीत भांडं बुडवलं आणि तेच पाणी बाळाच्या दुधाच्या बाटलीत ओतलं. सून स्वयंपाकघराच्या दारातच थिजली. ऑफिसातले कॉम्प्युटर बंद पडले म्हणून ती दुपारीच घरी आली होती, नाहीतर तिला हे कधी दिसलंही नसतं.

“आई, अहो हे काय करताय?”

“दूध करतेय. उठेल आता तो.”

“या बादलीतल्या पाण्याचं? कधीपासून?”

“मशीन आलं तेव्हापासून,” सासूबाई म्हणाल्या. कुणी किती वाजले विचारावं आणि सांगावं, तितक्या सहज.

मशीन येऊन अकरा दिवस झाले होते. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

घरामागची विहीर दिसायला नितळ. पण तपासणीत तिच्यात आर्सेनिकही निघालं आणि नायट्रेटही. पाणी तपासणारे काका म्हणाले होते, या विषांना रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून तर उलटंच होतं, पाणी आटतं आणि विष तेवढंच उरतं. मोठ्यांना ते वर्षानुवर्षं आतून पोखरतं, पण नायट्रेट तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर रक्तात प्राणवायू टिकत नाही आणि ओठ निळे पडतात. हे ऐकल्यापासून सुनेची झोप उडाली होती. तिची रजा संपत आली होती. आता दुपारी बाळाला वरचं दूध द्यावं लागणार होतं. म्हणून धावतपळत पाणी शुद्ध करायचं मशीन आणलं.

बसवलं ते नवऱ्यानं. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस तो, दोन नळ्या जोडायला दुसऱ्याला बोलावणं त्याला कमीपणाचं वाटलं. एका नळीतून शुद्ध पाणी ओट्यावरच्या छोट्या नळाला, दुसरीतून गाळून काढलेली सगळी घाण खालच्या बादलीत. बादलीतलं पाणी फक्त फरशी पुसायला, हे सुनेनं सासूबाईंना तीनदा बजावलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी अशी काही मान डोलावली होती की नंदीबैलानं शिकून घ्यावं.

“नळाचं पाणी मचूळ लागतं गं,” सासूबाई आता म्हणाल्या. “बादलीतलं गोड आहे. मी बादली रोज घासते, झाकून ठेवते. तुझ्या नवऱ्यालाही सांगितलं होतं मी. तो म्हणाला, सवय होईल.”

“चवीवरून विष कळतं होय? यापुढे त्याच्या दुधाला हात लावू नका तुम्ही!”

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. इतकं बोलायला नको होतं, हे सुनेला कळत होतं, पण जीव थाऱ्यावर कुठे होता?

तिनं ती बाटली मोरीत ओतली. झोपलेल्या बाळाला उचलून खिडकीशी नेलं. ओठ गुलाबी आहेत की जांभळे? नखं अशीच होती का आधी? बघत राहावं तसं सगळंच निळं दिसू लागलं. डॉक्टरांना फोन केला. बाळ एरवी खेळतंय, धाप लागत नाही, म्हणजे घाबरू नका, पाच वाजता दवाखान्यात आणा, असं ते म्हणाले. घाबरू नका म्हणायला कुणाचं काय जातं! मग तिनं काकांना फोन लावला. ते दोन गल्ल्या सोडून राहायचे. निघालोच, म्हणाले.

तेवढ्यात बाळानं भुकेनं घर डोक्यावर घेतलं. तिनं त्याला छातीशी धरलं, पण धसक्यानं दूधच उतरेना. शेवटी तिनं बाटली दोनदा उकळून घेतली, ओट्यावरच्या नळाचं पाणी कोमट केलं, पावडर मापानं घातली आणि स्वतःच्या हातानं दूध तयार केलं. बाळ घटाघटा प्यायला लागलं. निदान हे तरी चांगलं जातंय पोटात, असं वाटून तिला रडू आलं.

काका आले. आर्सेनिकच्या तपासणीला वेळ लागतो, नायट्रेटचं मिनिटात कळेल, असं म्हणत त्यांनी कागदाची एक पट्टी बादलीत बुडवली. वाईट पाण्यात ती गुलाबी होते. सून श्वास रोखून बघत होती.

मिनिट झालं. पट्टी पांढरीच.

“जुनी असेल पट्टी,” सून म्हणाली.

काकांनी नवी काढली. पुन्हा पांढरी. मग त्यांनी पेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि तिसरी पट्टी त्यात धरली. ती बघता बघता गडद गुलाबी झाली. काकांनी ते पाणी जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं.

“विषाला चव नसते, पण क्षारांना असते,” ते पुटपुटले आणि ओट्याखाली वाकले. दोन्ही नळ्या पांढऱ्या, एकाच जाडीच्या. “उलट्या लागल्यात या. शुद्ध पाणी बादलीत पडतंय. नळाला येतंय ते विहिरीपेक्षा वाईट. बाळाला यातलं दिलं नाही ना कधी?”

सासूबाई स्टुलावरून उठल्या. सुनेच्या मांडीवरच्या बाळाच्या तोंडातून त्यांनी अर्धी संपलेली बाटली ओढून घेतली.

“दिलं,” सून म्हणाली. “अकरा दिवसांत पहिल्यांदा. आत्ता, मी.”